शनिवारी सव्वातीन ते साडेतीन

बोलणी खाण्यासाठी पगार घेणारा मॅनेजर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. हे विधान कुणाला फुगवलेलं वाटू नये म्हणून आधी नोंदच देतो. तारीख २ जून १९७३, वार शनिवार. स्थळ माधवनगर, आमच्या मागांच्या कारखान्याचं आवार. वेळ दुपारी सव्वातीन ते साडेतीन. हजर : दोन्ही पाळ्यांची मिळून सेहेचाळीस माणसं, नवे मॅनेजर, आणि टाइमकीपर या नात्याने मी. या पंधरा मिनिटांत मॅनेजरांना तोंडावर ऐकवलेल्या तक्रारी एकूण अकरा. त्यातली पहिली मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या हौसाक्कांची होती. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवं सायेब, तुमच्या बुटांचा आवाज आला की माझ्या हातातली कांडी खाली पडती. आदी ती बुटं काढा, मग काय त्ये बोला." आणि मॅनेजरांनी बूट काढले. जूनच्या उन्हात, तापलेल्या फरशीवर, ते उरलेली चौदा मिनिटं अनवाणी उभे होते. मी घड्याळाकडे बघत होतो आणि माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

आमचे हे मॅनेजर मेढ्याचे. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मोठ्या मिशा, खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा आणि गांधी टोपी, असा लष्कर आणि ग्रामपंचायत यांच्या मधला पोशाख. आमचे मालक सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारी. हळदीत मिळालेले पैसे त्यांनी चोवीस मागांत घातले होते, आणि त्या मागांवरची माणसं दीड वर्षात दोन मॅनेजर पिटाळून मोकळी झाली होती. तेव्हा मालकांनी विचार केला की आता मिलिटरीचाच माणूस आणावा, म्हणजे शिस्त लागेल. मलाही तो विचार पटला होता. मी मूळचा साताऱ्याचा, शिस्तीच्या घरात वाढलेला. हजेरी, पाळी, वेळ या गोष्टींना किंमत आहे असं मानणारा. नवे साहेब येणार म्हणून मी टेबल पुसून घेतलं, वेताची नवी खुर्ची मागवली, तीवर गादी घातली. सुभेदारांनी पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसून पाहिलं, दोनदा मागेपुढे झाले, म्हणाले, "झ्याक हाय," आणि खुर्ची उचलून खांद्यावर घेऊन कांडी खात्यात हौसाक्कांना नेऊन दिली. हौसाक्का बारा वर्षं लाकडी पेटीवर बसून कांड्या भरत होत्या. त्यांची ती पेटी सुभेदारांनी मॅनेजरच्या टेबलामागे ठेवली आणि पुढची तीन वर्षं ते त्या पेटीवर बसले. खुर्चीची नोंद मी कार्यालयीन सामानातून कांडी खात्यात बदलून घेतली.

शनिवारच्या त्या प्रकाराला ते 'दरबार' म्हणत. पलटणीत दरबार भरायचा, जवान उभा राहून साहेबाला तोंडावर सांगायचा, साहेब ऐकायचा, आणि बोलल्याबद्दल जवानाच्या केसाला धक्का लागायचा नाही. तीच पद्धत त्यांनी आमच्याकडे सुरू केली. दुसऱ्या पाळीची माणसं पाव तास आधी यायची, पहिली पाळी पाव तास आधी थांबायची. म्हणजे चोवीस माग गुणिले पंधरा मिनिटं. दर शनिवारी सहा तासांचं विणकाम बुडत होतं, कशासाठी, तर मॅनेजरला बोलणी बसावीत म्हणून! मी हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, "घड्याळराव, हिशेब बरोबर हाय. आता ह्याचा हिशेब करा, की माणूस आठवडाभर मनात शिव्या देत मागावर हुबा राहिला तर किती सूत तुटतं?" मला ते करता आलं नाही, कारण त्याची आकडेवारी उपलब्ध नव्हती. घड्याळराव हे नाव मात्र त्या दिवसापासून मला चिकटलं.

दरबाराची वही माझ्याकडे असे. क्रमांक, तारीख, तक्रारदार, तक्रार, निकाल, असे पाच रकाने मी स्वतः आखले होते. तक्रार मी जशीच्या तशी लिहीत असे. 'मॅनेजर सकाळी खात्यात फिरताना गाणं म्हणतात, ते बेसूर असतं.' 'मॅनेजर कबूल केलेली रजा विसरले, मेव्हणा रुसला.' 'चहा पातळ.' 'चहा अजून पातळ.' निकालाचा रकाना मात्र कोरा राही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "निकाल लागला की माणूस फिरून त्येच बोलत न्हाई. बोलला न्हाई म्हंजे लागला. त्ये लिवायचं कशाला?" माझं म्हणणं असं, की तक्रार माझ्यासमोर होते म्हणून मी लिहितो, निकाल माझ्यामागे लागतो, तो ऐकीव माहितीवर मी लिहिणार नाही. निकाल लागल्याची सही मिळाली तर लिहीन. सही आणायला कुणाला वेळ नव्हता. असे आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि रकाना कोरा होता.

त्यांच्या बाकीच्या सवयींनीही मला कमी हैराण केलं नाही. सकाळी भोंगा वाजला की मॅनेजरने उत्पादन विचारावं. हे म्हैस विचारत. "म्हस व्याली का रं? रेडा का रेडी?" मग मुलाचा खोकला, मग सासऱ्याचा कोर्टातला दावा. टपाल ते स्वतः पोस्टातून आणत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मागाच्या बाजूला नेऊन कानाशी ओरडून वाचून दाखवत, कारण चोवीस मागांच्या खडखडाटात हळू बोलून उपयोग नसे. त्यामुळे कारखान्यातल्या प्रत्येकाची खासगी पत्रं आम्हा सर्वांना तोंडपाठ झाली होती. महिन्यातून एक दिवस ते स्वतः माग चालवत. त्यांना माग येत नव्हता. आडवं सूत नेणारा धोटा अडकायचा, सूत तुटायचं, आणि मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर तात्या, जे त्यांच्या हाताखालचे, ते कमरेवर हात ठेवून ओरडायचे, "सुभेदार, डोळं काय मेढ्याला ठिवून आलाय काय?" साहेब मान खाली घालून म्हणायचे, "चुकलं तात्या. फिरून दावा." खराब कापडाच्या नोंदीत मला लिहावं लागे : 'तीन वार, कारण मॅनेजर.' असली नोंद माधवनगरातल्या दुसऱ्या कुठल्या टाइमकीपरने लिहिली असेल असं वाटत नाही.

पण सर्वांत मोठा धक्का दुपारच्या सुट्टीचा. सुभेदारांचं बिऱ्हाड मेढ्याला, इथे ते कारखान्यामागच्या खोलीत एकटे. डबा नाही. ते जेवणाऱ्यांच्या ओळीतून फिरत आणि प्रत्येकाच्या डब्यातला एक घास घेत. मॅनेजर! मागून खात! शिवाय घास घेऊन नुसतं "बरं हाय" म्हणत नसत. वैद्याने नाडी बघावी तशी भाकरी बघत. एकदा जॉबर तात्यांच्या भाकरीचा तुकडा त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, खाल्ला आणि हळूच म्हणाले, "तात्या, वैनी घरात न्हाईत. ही भाकरी तुमी थापलीया." तात्यांचा घास हातातच राहिला. बायको भांडून तासगावला माहेरी गेल्याला चार दिवस झाले होते आणि तात्यांनी शेजाऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. सुभेदारांनी त्यांना दोन दिवस रजा दिली, वर स्वतः एसटीने त्यांच्याबरोबर तासगावला गेले आणि वहिनींसमोर म्हणे तात्यांना उभं करून सांगितलं, "वैनी, यांची भाकरी आमाला खाववत न्हाई, कारखान्यावर दया करा." वहिनी हसल्या आणि परत आल्या. मी विचारलं, "सुभेदार, तुम्हाला कळलं कसं?" तर म्हणाले, "माणूस खोटं बोलतो, घड्याळराव. भाकरीला त्ये जमत न्हाई."

माझा डबा मात्र त्यांनी कधी पाहिला नाही, कारण मी तो दाखवला नाही. मी बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खोलीचं दार लावून जेवत असे. डबा ही माझी खासगी बाब आहे असं माझं मत होतं. त्यात कधी खडा निघे, कधी भाजीच्या जुडीचा दोरा निघे. तो मी कागदाच्या पुडीत बांधून घरी नेऊन आमच्या सौभाग्यवतींना दाखवत असे, म्हणजे पुराव्यासह. त्या पुडी हातात घेऊन म्हणत, "हो का? लक्षात नाही आलं." सुभेदार माझ्या बंद दारावरून जाताना तेवढं म्हणत, "घड्याळराव, वास बरा येतोय हां," आणि पुढे जात. दार त्यांनी एकदाही ढकललं नाही.

दारावरून आठवलं. किसन नावाचा एक विणकर आमच्याकडे होता, कोयनानगरचा. भूकंपात त्याचं घर पडलं होतं. सकाळी चोवीस माग एकदम सुरू झाले की जमीन हादरे, आणि किसन माग सोडून बाहेर धावे. आधीच्या मॅनेजरांनी त्याची अर्धी हजेरी कापायला मला सांगितली होती, आणि मी ती नियमाप्रमाणे कापली होती. सुभेदारांनी काय करावं? किसनचा माग दाराशेजारी हलवला आणि दार उघडं ठेवायला सांगितलं. विणकामाच्या खात्यात दारं-खिडक्या बंद ठेवून जमिनीवर पाणी मारतात, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. मी दोन आठवडे मोजून त्यांना सांगितलं की दाराजवळच्या चार मागांवर सूत पूर्वीच्या दीडपट तुटतं आहे. ते म्हणाले, "तुटू दे की. सूत जोडता येतं." आणि पहिला आठवडाभर रोज सकाळी ते पेटी घेऊन किसनच्या बाजूला बसले. जमीन हादरली की म्हणायचे, "दार उघडं हाय, किसन. जायाचं तर जा. मी हितंच हाय." आठव्या दिवसापासून किसन बाहेर गेला नाही. दार मात्र उघडंच राहिलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या हजेरीपटात काहीतरी घडत होतं, आणि ते मला आवडो न आवडो, दिसत होतं. पूर्वी रोज सहा-सात माणसं गैरहजर असत. ती एक-दोनवर आली. तीन वर्षांत माग एकही दिवस बंद पडले नाहीत. दर शनिवारी बोलणी खाणाऱ्या माणसाच्या हाताखाली हे कसं घडतं, याचा उलगडा मला होत नव्हता, आणि ज्याचा उलगडा होत नाही ते मी कुणाला सांगत नसे. ही माझी चूक पुढे महागात पडली, पण मला नव्हे.

शहात्तरच्या जूनमध्ये मालकांनी इचलकरंजीचे एक भागीदार घेतले. हे गृहस्थ कागदावर चालणारे होते, म्हणून मला एकदम आपले वाटले. ते म्हणाले, "माणसं खूश आहेत का, हे मला सांगू नका. लेखी काय आहे ते दाखवा." लेखी होतंच. मी दरबाराची वही त्यांच्यापुढे ठेवली. वर सुवाच्य अक्षरात बेरीज जोडली. एकूण तक्रारी सहाशे अकरा. निकाल शून्य. भागीदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "सेहेचाळीस माणसांच्या कारखान्यात सहाशे अकरा तक्रारी? आमच्याकडे दोनशे माणसं आहेत, सात वर्षांत एकही तक्रार नाही! ही वही खरी आहे?"

मी म्हणालो, "अक्षर न् अक्षर खरं आहे."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी आणखी बोलावं असं त्यांना वाटत असावं. पण मला विचारलं होतं ते एवढंच, आणि विचारल्यापेक्षा जास्त बोलायची मला सवय नव्हती. मी खोलीबाहेर आलो, जागेवर बसलो, आणि पाच मिनिटांनी मला कळलं की मी एका माणसाची नोकरी घालवली आहे. एकही खोटा शब्द न लिहिता. इतका मोठा धक्का मला सुभेदारांनी तीन वर्षांत दिला नव्हता. तो मी मला स्वतःच दिला.

सुभेदारांना त्याच आठवड्याच्या अखेरीला जायला सांगितलं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, "आवं घड्याळराव, तुमी काय केलं? खरं लिवलं, खरं सांगितलं. पलटणीत यासाठी मेडल देत्यात." हे त्यांनी टोचून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते खरंच तसं म्हणत होते.

शेवटच्या शनिवारी सव्वातीनला दरबार भरला. सेहेचाळीस माणसं खाली बसली. सुभेदार नेहमीसारखे अनवाणी उभे राहिले. म्हणाले, "हं. बोला."

कुणी बोललं नाही. माझ्या घड्याळात एक मिनिट झालं, तीन झाली, पाच झाली.

"काय रं? चहा पातळ न्हाई आज?" त्यांनी विचारलं. "तात्या?"

तात्यांनी मान हलवली.

"हौसाक्का, तुमी तरी. बुटं घालू का पुन्यांदा?"

हौसाक्का पदराआडून म्हणाल्या, "काय बी करा. जाऊ नगा म्हंजे झालं."

तीन वर्षांत पहिल्यांदा दरबाराचं पान कोरं राहणार होतं. मी उठलो. मी कधीच उठलो नव्हतो, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "माझी तक्रार आहे. सुभेदारांनी निकालाचा रकाना मला कधी रागावून भरायला लावला नाही."

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले. "ही तक्रार माज्यावर हाय का तुमच्यावर?"

"ते मला ठरवता येत नाही."

"मग लिवा तशीच. निकाल मागनं बघू."

मी लिहिली. क्रमांक सहाशे बारा, तक्रारदार टाइमकीपर. अक्षर जरा वाकडं आलं आहे. साडेतीन वाजता सुभेदारांनी पेटी नीट भिंतीशी सरकवली, बूट घातले आणि गेले. सोमवारी भागीदारांनी किसनच्या बाजूचं दार बंद करायला लावलं. माग सुरू झाले आणि किसन बाहेर जाऊन आवारातल्या लिंबाखाली बसला. मंगळवारी तसाच बसला. हजेरीपटात त्याच्या नावापुढे अर्धी खूण करताना माझं पेन थांबलं.

त्या रविवारी मी वही पिशवीत घातली आणि सायकल काढली. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, जिथे जिथे आमची माणसं राहत होती तिथे मी गेलो. आठ रविवार लागले. दारात उभा राहून मी विचारत असे, "तक्रार क्रमांक अमुक. हिचा पुढे निकाल लागला का? लागला असल्यास इथे सही, नाहीतर अंगठा." आणि मग मला आत बसवून चहा देत आणि सांगू लागत. मी एका ओळीत लिहिलेली तक्रार त्यांच्या घरात अर्धा तास चालत असे. मेव्हणा रुसल्याची जी तक्रार होती, त्या मेव्हण्याच्या घरी सुभेदार स्वतः जाऊन, "चूक माजी हाय, पावण्याची न्हाई," असं सांगून आले होते. एकाला मुलीच्या लग्नात मागावर बदली माणूस मिळेना, तर दोन दिवस सुभेदारांनी त्याचा माग चालवला. त्या दोन दिवसांची 'सव्वीस वार, कारण मॅनेजर' ही नोंद माझ्याच हातची होती, आणि कारणाचं कारण मी विचारलं नव्हतं. हौसाक्का तर मला बघून हसायलाच लागल्या. "भाऊसायेब, सही कशाला वो? माजी पाठ दुखायची र्‍हायली, हीच सही." तरी मी अंगठा घेतला.

सहाशे अकरापैकी निकाल लागलेल्या पाचशे त्र्याऐंशी. न लागलेल्या अठ्ठावीस; त्यातल्या एकोणीस चहाच्या. वही मी मालकांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, अंगठे पाहिले, आणि हळदीच्या भावाखेरीज कशानेही न हलणारा तो माणूस पुन्हा पहिल्या पानावर गेला. मग म्हणाले, "हे दोन महिन्यांपूर्वी का नाही आणलंत?" मी म्हणालो, "दोन महिन्यांपूर्वी मला माहीत नव्हतं." त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं, सुभेदारांनी परत यावं म्हणून, आणि ते घेऊन मलाच मेढ्याला पाठवलं.

पहाटेच्या एसटीने सातारा, तिथून मेढा. पाऊस होता. सुभेदार घराच्या ओसरीवर म्हशीचं दावं वळत बसले होते. मला बघून उठले, पायावर पाणी घातलं, आईला हाक मारली. ऐंशीच्या घरातली ती माउली आतून म्हणाली, "कोन रं त्ये?" सुभेदार म्हणाले, "आमचं घड्याळ आलंया."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं. "मालकास्नी रामराम सांगा. पन मी आता येत न्हाई. अठ्ठावीस वरसं पलटणीत, तीन वरसं तुमच्याकडं. आईच्या हातची भाकरी एकतीस वरसं चुकली. आता तिचं हात थकायच्या आत खाऊन घेतो. दरबार मातुर मोडू नगा. आन् किसनचं दार."

पिशवीत सौभाग्यवतींनी प्रवासासाठी दिलेला डबा होता. मी तो काढला, उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. भाकरीचा चतकोर मोडून त्यांनी उजेडाकडे धरला, कडेवरून बोट फिरवलं, मेथीच्या भाजीबरोबर खाल्ला. मग भाजीतून काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं. जुडीचा दोरा. मी शरमलो. म्हणालो, "आमच्याकडे होतं असं. मी सांगितलंय त्यांना. पाच-सहा वेळा सांगितलंय."

सुभेदारांचं हसू गेलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "घड्याळराव, वैनीस्नी दिसतं का वो नीट?"

"म्हणजे?"

"कडेला बोटं बघा. भाजताना चाचपून बघितलीया, डोळ्यानं न्हाई."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो, पण मला बाहेरचं काही दिसलं नाही. बावीस वर्षं त्या हातचं खाणारा मी. हजेरीत कुणी दोन मिनिटं उशिरा आला तरी मला कळायचं. घरी पोचलो, स्वयंपाकघराच्या दारात गुपचूप उभा राहिलो. त्या तव्यावरच्या भाकरीची कड बोटाने शोधत होत्या. डबा घासायला ठेवताना आधी कट्ट्याची कड हाताने पाहत होत्या. मी विचारलं, "कधीपासून?"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "दीड वर्ष झालं असेल. तुम्ही विचारलंत की सांगायचं, असं ठरवलं होतं."

मी पुड्या बांधून पुरावे आणत होतो. विचारलं नव्हतं.

मिरजेला दाखवलं. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली, जाड भिंगाचा चष्मा मिळाला. चष्मा लावून त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या, बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती पांढरे झालात हो तुम्ही!"

कारखान्यात पुढे मालकांनी भागीदारांशी वाद घालून किसनचं दार उघडवलं, आणि पुढच्या शनिवारी सव्वातीनला ते स्वतः दरबारात उभे राहिले. एकोणीस तक्रारी झाल्या. मालक लालबुंद होऊन मोटारीत बसले. मला वाटलं संपलं. पण त्यापुढच्या शनिवारी सव्वातीनला पाच मिनिटं असताना मोटार पुन्हा दारात उभी होती. निकालाचा रकाना आता मी दर सोमवारी फिरून भरतो. आणि बारा वाजून दहा मिनिटांनी ओळीत बसून जेवतो.

तक्रार क्रमांक सहाशे बारा माझ्यावरच होती, हे आता मला ठरवता आलं होतं. तिचा निकालही मी लिहून टाकला : 'अदा, चतकोर भाकरी व मेथीची भाजी, दोऱ्यासह. घेणार, सुभेदार, मुक्काम मेढा.' फक्त घेणाऱ्याची सही हवी होती. ती आणायला मी पुढच्या सुट्टीत वही आणि डबा घेऊन मेढ्याला गेलो. त्यांनी डबा खाल्ला, भाकरी उजेडात धरली, "वैनीस्नी आता ब्येस दिसतंय," म्हणाले, आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली. "सही फुडच्या डब्याला करतो."

त्यानंतर चार डबे झाले. सही अजून बाकी आहे.